फ्रीसिंकवाला मॉनिटर की मोठं ग्राफिक्स कार्ड? ४५ हजारांत काय बसवू

मयेकाठचा:
नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, कामावरून आल्यावर रात्री दोनेक तास गेम खेळतो तेवढाच विरंगुळा. मशीन जुनं आहे, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबीवालं कार्ड आणि मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. चवथीचा बोनस आणि थोडी साठवण मिळून ४५ हजार बाजूला काढलेत, त्यात मॉनिटर आणि कार्ड दोन्ही करायचंय.

पणजीत एका दुकानात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला कार्ड एनव्हीडियाचं असेल तर मॉनिटर जी-सिंकचाच लागतो, फ्रीसिंकवाला एएमडीसाठी, तो तुला चालायचा नाही (दोन्ही म्हणजे पडद्याचा वेग कार्डाशी जुळवून चित्र फाटू न देणारी सोय). जी-सिंकचं लेबल लावलेला जो दाखवला तो २७ इंची १४४०पी (१०८०पी पेक्षा जास्त पिक्सेलचा), भाव ३२ हजार! म्हणजे कार्डाला उरले तेरा. तिथेच बाजूला फ्रीसिंक लिहिलेला २७ इंची १४४०पी १८० हर्ट्झ आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार) १८ हजारांत होता आणि २४ इंची १०८०पी ११ हजारांत. कार्डांचे मला मिळालेले भाव असे: आरएक्स ६६०० साधारण २१-२२, आरएक्स ७६०० पंचवीस, आर्क बी५८० सव्वीस, आरटीएक्स ५०६० एकतीसच्या आसपास.

खेळतो ते कथेवाले मोठे गेम, रेसिंग, मित्र आले तर व्हॅलोरंट. स्पर्धाबिर्धा नाही. मला पाहिजे ते एवढंच की गाडी वळवताना चित्र मधूनच आडवं फाटतं ते थांबावं, आणि व्ही-सिंक (पडद्याच्या वेळेसाठी कार्डाला थांबवणारी सेटिंग) चालू केलं की गाडी जड झाल्यासारखी वाटते ते पण नको. जाणत्यांनी सांगा.

मांडवी_१४४:
एनव्हीडियाला जी-सिंकचाच मॉनिटर लागतो हे २०१९ च्या आधी खरं होतं, आता नाही. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हीडियाने ड्रायव्हर काढला (४१७.७१) तेव्हापासून जीटीएक्स १० सिरीज आणि पुढची कार्डं फ्रीसिंकच्या मॉनिटरवर चालतात. तुझं १०५० टीआय पण त्यात बसतं. केबल मात्र डिस्प्लेपोर्टची पाहिजे. १४ हजार वाचव.

फर्मागुडी_फ्रेम्स:
मॉनिटरवर एवढा खर्च कशाला पण? ११ चा १०८०पी घ्या, उरलेल्यातून ५०६० घ्या, ४२ मध्ये काम झालं. फ्रेम्स, म्हणजे कार्ड सेकंदाला बनवतं ती चित्रं, महत्त्वाच्या. फ्रेम्स भरपूर असल्या की सिंकबिंक काही लागत नाही, आमच्या हॉस्टेलला सगळे तसंच खेळतात.

कुळागर:
मयेकाठचा, सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं आणि दुकानात अजून जुनीच माहिती देऊन लोकांचे पैसे घालवतात, ते बघून वाईट वाटतं.

आधी हे पैसे कुठून आले ते बघ. जी-सिंक एनव्हीडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर केलं. तेव्हा बाजारात मॉनिटरच्या आत बसणारी जी स्केलरची चिप (आलेलं चित्र पडद्यावर बसवणारी) मिळायची तिला हे काम जमत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं मॉड्यूल केलं, त्यात आल्टेराची एफपीजीए चिप आणि सोबत मेमरी. एफपीजीए, म्हणजे बनवल्यावर हवी तशी जुळवता येणारी चिप, थोड्या मालासाठी ठीक असते पण महाग पडते. सुरुवातीला आसुसच्या व्हीजी२४८क्यूई मॉनिटरसाठी ते मॉड्यूल सुटं विकत होते, १९९ डॉलरला! मॉनिटर आधीच घेतलेला आणि त्याच्या पोटात घालायला एवढे पैसे अजून, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. पण त्या वेळी दुसरा पर्यायच नव्हता त्यामुळे ज्यांना फाटणारं चित्र सहन होत नव्हतं ते देत होते.

मग मे २०१४ मध्ये व्हेसाने अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक हे डिस्प्लेपोर्ट १.२ए च्या मानकात घातलं. व्हेसा म्हणजे डिस्प्लेची मानकं ठरवणारी संस्था. यासाठी कोणाला रॉयल्टी नाही, वेगळं मॉड्यूल नाही, स्केलर बनवणाऱ्यांनीच नेहमीच्या चिपमध्ये ते घालायचं. एएमडीचं फ्रीसिंक यावरच उभं आहे, पहिले मॉनिटर मार्च २०१५ मध्ये आले. तेव्हापासून चार-पाच वर्षं बाजार दोन तुकड्यांत होता, एएमडीवाल्याला स्वस्त मॉनिटर आणि एनव्हीडियावाल्याला महाग. एकदा मॉनिटर घेतला की माणूस त्या कंपनीच्या कार्डाला बांधला जायचा. २०१९ मध्ये ती भिंत पडली. तुझ्या दुकानदाराचं घड्याळ तिथंच थांबलेलं आहे.

आता ज्या मॉनिटरवर ‘जी-सिंक कम्पॅटिबल’ लिहिलेलं असतं त्याच्या आत बहुतेक करून काहीही वेगळं नसतं, तो अ‍ॅडाप्टिव्ह-सिंकचाच मॉनिटर असतो जो एनव्हीडियाने तपासून पास केलेला असतो. पास करण्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. २०१९ ला त्यांनी सांगितलं होतं की ४०० मॉनिटर तपासले त्यातले १२ पास झाले, म्हणजे तेव्हा बाजारात कचरा पुष्कळ होता हे पण खरं. पण पास न झालेला चालतच नाही असं नाही, ड्रायव्हरमध्ये हाताने चालू करायचा. आणि खऱ्या मॉड्यूलवाल्या मॉनिटरचा एक गुण मी मान्य करतो, फ्रेमरेट खालीवर झाला तरी ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलने लवकर रंग बदलावा म्हणून दिलेला जोर) त्याप्रमाणे बदलायचा, त्यामुळे कमी फ्रेमला हलणाऱ्या वस्तूमागे सावल्या कमी दिसायच्या. पण त्या गुणासाठी ४५ पैकी १४ हजार जास्त देणं तुझ्या खिशाला परवडणारं नाही. आणि २०२४ मध्ये एनव्हीडियाने स्वतःच मीडियाटेकबरोबर करार करून हे काम साध्या स्केलर चिपमध्ये घालायचं जाहीर केलं, म्हणजे वेगळ्या मॉड्यूलचा हट्ट त्यांनीच सोडला.

आता तुझा खरा प्रश्न, चित्र का फाटतं. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र घेतो, कार्ड तयार असो नसो. कार्डाने अर्ध्यावर नवी फ्रेम पाठवली की वरचा भाग जुना खालचा नवा, तीच आडवी रेघ. व्ही-सिंक लावलं तर कार्डाला थांबावं लागतं. समज एक फ्रेम बनवायला २५ मिलिसेकंद लागले, म्हणजे वेग ४० चा आहे, तर ती १६.७ ची वेळ चुकली आणि थेट ३३.३ ला दिसणार, म्हणजे हातात येतात फक्त ३०. ती जी गाडी जड वाटते ना ती यामुळे. अ‍ॅडाप्टिव्ह-सिंकमध्ये उलटं होतं, पडदा कार्डासाठी थांबतो. फ्रेम २५ ला आली तर २५ ला दाखवतो, १८ ला आली तर १८ ला.

आणि म्हणूनच फर्मागुडीवाल्या भावाला माझं सांगणं की सिंक लागत नाही असं नाही, उलट ज्याचं बजेट लहान त्यालाच ते जास्त लागतं! १८० फ्रेम पाडणाऱ्याला रेघ फार दिसतच नाही. पण ज्याचं कार्ड कधी ५५ कधी ७० असं हेलकावे खातं त्याला सिंक लावलं की खेळ एकदम मऊ वाटतो. मधलं कार्ड चालून जातं ते या एका गोष्टीमुळे. म्हणजे चांगला मॉनिटर घेतलास तर कार्डातले पाच-सात हजार वाचतात असाच हिशोब मी धरतो.

फर्मागुडी_फ्रेम्स:
पटतंय थोडं, पण कुळागरकाका १४४०पी ला पिक्सेल किती वाढतात बघा. १०८०पी म्हणजे २०.७ लाख, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. पावणेदोन पट काम. त्यात त्याला ७६०० सारखं ८ जीबीचं कार्ड घ्यायला सांगणार, नवीन गेम अल्ट्राला टाकला की मेमरी भरली. मग सिंक काय करणार? ३० च्या खाली गेलं की सिंक असो नसो अडखळणारच.

कुळागर:
मुद्दा बरोबर आहे, मेमरी भरून जो झटका बसतो तो कुठल्याही सिंकने जात नाही. पण तो अल्ट्राला खेळणारच असं कुठे लिहिलंय, टेक्श्चर हाय किंवा मीडियमला ठेवावेत. दुसरं म्हणजे एफएसआर किंवा डीएलएसएस (कमी पिक्सेलवर चित्र बनवून मोठं करणाऱ्या सोयी) क्वालिटीवर ठेवलं तर १४४०पी च्या पडद्यावर आतून काम १७०७ गुणिले ९६० चंच होतं, ते १०८०पी पेक्षा पण कमी आहे. वर अपस्केलिंगचा थोडा भार येतो तेवढाच. आणि २७ इंचाला १०८०पी घेतलं तर अक्षरं फुटकी दिसतात, २४ ला ठीक. दिवसा ऑफिसचं काम पण त्यावर करणार असेल तर फरक रोज जाणवतो.

शिवाय मॉनिटर घरात सात-आठ वर्षं राहतो. कार्ड मधे दोनदा बदलतं. आता ज्यात पैसे घालशील ते कुठे टिकतात हे पण बघायला नको का?

थिवी_एक्स्प्रेस:
चांगली चर्चा. एक गोष्ट राहिली, खोक्यावर फ्रीसिंक लिहिलंय म्हणून घेऊ नका, रेंज बघा, म्हणजे किती ते किती हर्ट्झमध्ये सिंक चालतं ते. आमच्याकडे आधी एक ७५ हर्ट्झचा होता, रेंज ४८ ते ७५. फ्रेम ४५ वर आल्या की सिंक सुटायचं आणि परत तीच रेघ. ४८ ते १४४ किंवा १८० वाल्यात तसं होत नाही कारण ४० फ्रेम आल्या तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पडदा ८० हर्ट्झवर चालतो. याला एलएफसी म्हणतात. ७५ वाल्यात ४५ ची दुप्पट ९० होते आणि ती त्याच्या आवाक्याबाहेर, म्हणून जमत नाही. वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट तरी हवा, अडीच पट असेल तर निवांत. फ्रीसिंक प्रीमियम लिहिलेलं असेल तर एलएफसी असतंच, तो शिक्का बघून घ्या.

आणि पॅनेल! व्हीए स्वस्त मिळतो, काळा रंग झकास दिसतो, पण सिंक चालू असताना फ्रेम वरखाली झाल्या की अंधाऱ्या सीनमध्ये, लोडिंगच्या पडद्यावर उजेड लुकलुकतो. काही लोकांना दिसत नाही, माझ्या बायकोला लगेच दिसतो आणि डोकं दुखतं. ओएलईडीमध्ये पण असं होतं. आयपीएस घेतलात तर हा त्रास जवळपास नाही.

मांडवी_१४४:
+१ रेंजच्या मुद्द्याला. अर्धे लोक हे न बघता घेतात.

वास्को_वारा:
मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो कारण गोव्यात राहून फक्त कार्ड आणि मॉनिटरचा हिशोब करून भागत नाही. मयेकाठचा, तुझा एसएमपीएस कुठला आहे? १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, ते स्लॉटमधूनच वीज घेतं, म्हणून आतापर्यंत कसलाही पॉवर सप्लाय चालला असेल. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, ७६०० ला १६५, बी५८० ला १९०, ५०६० ला १४५. सगळ्यांना वरून ८ पिनची वायर लागते. ती तुझ्या सप्लायला आहे का बघ आधी. नसली तर साडेचार हजार तिकडे.

पावसात आमच्याकडे लाइट जाते येते, व्होल्टेज नाचतं, डिचोलीला काही वेगळं नसणार. यूपीएस नसेल तर निदान चांगला स्टॅबिलायझर तरी लाव. आणि जे समुद्राजवळ राहतात त्यांनी कॅबिनेट खिडकीखाली ठेवू नका, खारं वारं आणि दमट हवा यांनी कार्डाच्या ब्रॅकेटला आणि पोर्टांना गंज धरतो, मी दर पावसाळ्यानंतर उघडून साफ करतो. मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावं, आतली ओल जाते.

वॉरंटीचं पण विचार. ऑनलाइन घेतलं तर हजार-दीड हजार वाचतात पण बिघडलं तर माणूस घरी येतो की आपणच मुंबई-बेंगळुरूला पाठवायचं हे आधी विचारून घ्या. माझ्या एका कार्डाचं असंच झालं होतं, पाठवलेलं परत यायला सगळा पावसाळा गेला. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पहिल्याच दिवशी काळ्या आणि पांढऱ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल बघून घ्या.

मयेकाठचा:
देव बरें करूं सगळ्यांना, एवढं कोणी दुकानात सांगत नाही. वास्कोबाब, तुमचं वाचून कॅबिनेट उघडलं तर सप्लाय ४५० वॉटचा, नाव ऐकलेलं नाही आणि ८ पिन नाहीच. म्हणजे ४५ चे साडेचाळीस झाले की हो. ५०६० घेतलं तर ३१ अधिक साडेचार म्हणजे साडेपस्तीस, मग मॉनिटर साडेनऊच्या आतला शोधावा लागेल.

चोर्ला घाटातून बेळगावला जाणारा मित्र आहे, तिथून मॉनिटर स्वस्त पडतो म्हणतो, गाडीतून आणायला काही धोका?

थिवी_एक्स्प्रेस:
उभा ठेवून आणा, मूळ थर्माकोलसकट, खोक्यावर दुसरं सामान टाकू नका. पण पाचशे-हजारासाठी जाऊ नका, बिल आणि वॉरंटी कुठली ते बघा. जीएसटी सगळीकडे १८ टक्केच. ३२ इंचापेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ होता तो पण सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, त्यामुळे ३४ इंची अल्ट्रावाइड बघणाऱ्यांनी जुने भाव धरून बसू नका.

कुळागर:
माझं ऐकशील तर दोन टप्प्यांत घे. आता मॉनिटर १८ चा आणि एसएमपीएस साडेचारचा, झाले साडेबावीस. तुझं १०५० टीआय पास्कल म्हणजे जीटीएक्स १० सिरीजच्या पिढीचं आहे, सिंक त्यावर आजच चालेल. व्हॅलोरंट आणि जुने रेसिंग गेम त्यावर खेळ, जड गेम तोवर बाजूला ठेव. उरलेले साडेबावीस दिवाळीपर्यंत राहू देत, तेव्हा सेलमध्ये ६६०० किंवा थोडी भर घालून ७६०० बघ. फार लांबवू नको कारण पास्कल कार्डांना नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलेत, फक्त सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत येणार.

बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, कागदावर भारी दिसतं, पण ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं, रिसाइझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असावं लागतं. नवीन प्रोसेसरवाल्याला मी तेच सुचवलं असतं, तुला नाही.

फर्मागुडी_फ्रेम्स:
दोन टप्प्यांचं मला पण पटलं. फक्त दिवाळीला भाव वाढले तर? रॅम कशी चढली बघितली ना, कार्डावर पण मेमरीच असते.

कुळागर:
होऊ शकतं, म्हणूनच चांगला भाव दिसला तर दिवाळीची वाट न बघता उचल. पैसे बाजूला असले म्हणजे झालं.

मयेकाठचा:
अपडेट देतो. मॉनिटर घेतला, म्हापशातल्या दुकानातून, २७ इंची १४४०पी आयपीएस, रेंज ४८ ते १८०, फ्रीसिंक प्रीमियम लिहिलेलं आहे, साडेसतरात दिला. एसएमपीएस ५५० वॉटचा. आल्यावर आधी काहीच फरक दिसेना, मग इथलं परत वाचून मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू केलं आणि एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सेट अप जी-सिंकला जाऊन निवडलेल्या मॉनिटरसाठी चालू करायची खूण केली. मांडवीने सांगितलेली डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यातच होती. रेसिंग गेम मीडियमवर टाकला, फ्रेम ५० ते ६० मध्ये फिरतात, म्हणजे जुन्या पडद्यावर होत्या तेवढ्याच किंवा थोड्या कमी, पण घाटातल्या वळणावर चित्र अखंड राहतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. एवढा फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं, आई पण मागे उभी राहून म्हणाली आता बघायला बरं वाटतं.

व्हॅलोरंटला एक विचारायचंय, तिथे फ्रेम १८० च्या वर जातात तेव्हा रेघ परत येते.

मांडवी_१४४:
वर गेल्यावर पडदा रेंजच्या बाहेर, म्हणून. फ्रेमची मर्यादा १८० पेक्षा तीन कमी ठेव, १७७. कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक ऑन आणि गेमच्या आत ऑफ. मर्यादा खाली असल्यामुळे व्ही-सिंकचा जडपणा येत नाही, फक्त चुकून वर गेलेली एखादी फ्रेम सांभाळतं.

मयेकाठचा:
केलं, गेली रेघ. कार्डासाठी ७६०० वर डोळा ठेवतोय, २४ च्या आत आलं की घेणार.

पेडण्याची_मावशी:
मी गेम खेळत नाही पण मुलासाठी धागा पूर्ण वाचला. त्याच्याकडे पीएस ५ आहे, टीव्ही दिवाणखान्यात असल्यामुळे रोज भांडण, म्हणून त्याला खोलीत मॉनिटर घेऊन द्यायचाय. मयेकाठचा यांनी घेतला तोच घेतला तर चालेल का? फ्रीसिंक त्यावर चालतं का?

थिवी_एक्स्प्रेस:
मावशी, चित्र येईल पण सिंक बहुतेक चालणार नाही. पीएस ५ मध्ये डिस्प्लेपोर्ट नाही, फक्त एचडीएमआय, आणि त्याला सिंकसाठी एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (हेच काम करणारी एचडीएमआयची सोय) लागतं, नुसतं फ्रीसिंक असून भागत नाही. हे अपडेट सोनीने एप्रिल २०२२ मध्ये दिलं, रेंज ४८ ते १२०. १४४०पी सप्टेंबर २०२२ पासून चालतं त्यामुळे त्याची काळजी नको. दुकानात खोक्यावर एचडीएमआय २.१ आणि व्हीआरआर दोन्ही लिहिलेलं बघा, नुसतं २.१ असेल तर व्हीआरआर आहेच असं धरू नका. तसे मॉनिटर थोडे महाग पडतात. एक्सबॉक्स असता तर साधा एचडीएमआयवर फ्रीसिंक देणारा पण चालला असता.

पेडण्याची_मावशी:
बरं झालं विचारलं. मग त्याच्या परीक्षेनंतरच घेते, तोवर व्हीआरआरवाले बघून ठेवते. म्हापशाच्या दुकानाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

मयेकाठचा:
पाठवलं ताई. जाताना पीएस ५ ची केबल सोबत न्या आणि तिथेच लावून दाखवायला सांगा, मला त्यांनी लावून दाखवला होता. पीएस ५ च्या सेटिंगमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओला व्हीआरआर चालू करता येतंय का बघून मगच पैसे द्या.